एक शंका विचारू का, सर?

बेळगावचा पाऊस आणि महाविद्यालयातली नवी मुले साधारण एकाच सुमारास येतात. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागते आणि आमच्या संगणकशाळेच्या दारातून एक मान आत डोकावते. "सर, एक शंका विचारू का?" मी "विचार" म्हणतो. मग शांतता. मान मागे वळते, मागची मैत्रीण तिला पुढे ढकलते आणि अखेर शंका बाहेर पडते : "सर, प्रोग्राम चालत नाही."

वाचकहो, "एक शंका विचारू का" हाही एक प्रश्नच आहे आणि त्याला कोणत्याही शिक्षकाने आजवर "नको" असे उत्तर दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही तो विचारला जातो, कारण तो प्रश्न नसून दारावरची टकटक आहे. समोरासमोर ही रीत गोडच वाटते. पण हल्ली आमच्या मुलांचे प्रश्न संगणकशाळेच्या दाराशी थांबत नाहीत. ते आंतरजालावरून दूरदेशीच्या अनोळखी जाणकारांकडे जातात, आणि तिथे ही टकटक फार महाग पडते. "नमस्कार, कोणी आहे का? एक विचारायचे होते," एवढेच लिहून आमचा विद्यार्थी वाट पाहत बसतो. पलीकडचा गृहस्थ आठ तासांनी जागा होतो, "विचारा" म्हणतो. तोवर इकडे रात्र झालेली असते. नमस्कार-चमत्कारातच दोन दिवस जातात, आणि सबमिशन सोमवारी असते.

'शंका' या शब्दानेही थोडा घोळ केला आहे. मराठीत शंका म्हणजे संशयही आणि विचारायची गोष्टही. म्हणून तर आपल्याकडे शंकासमाधान असते. आमची मुले तोच शब्द इंग्रजीत नेतात आणि "आय हॅव अ डाउट" लिहितात. वर्गातली कन्नड मुलेही "सर, ओंदु डौट" म्हणूनच येतात, तेव्हा या बाबतीत सीमाभागात पूर्ण एकमत आहे म्हणायचे! पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला 'डाउट' म्हणजे अविश्वास. तो बिचारा विचारात पडतो, की या मुलाला माझ्या कोणत्या बोलण्याचा संशय आला?

गेली पंधराएक वर्षे मी संगणकशास्त्राच्या अशा प्रश्नोत्तरांच्या अड्ड्यांवर जातो. वाचतो पुष्कळ, उत्तर देतो क्वचित. तिथे उत्तर देणाऱ्याला पगार नसतो. कोणी नोकरी आटोपून, कोणी मूल झोपवून तासभर बसलेला असतो. त्याच्यासमोर पन्नास प्रश्न असतात आणि त्यांतले दोन-तीनच तो हाती घेणार असतो. कोणते? आमच्या मुलांची समजूत अशी, की जो अधिक नम्र असेल तो. म्हणून ती 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात करतात, 'काइंडली' दोनदा घालतात, शेवटी 'अर्जंट' लिहितात. अर्जाचा सगळा मायना असतो, फक्त अर्ज कशासाठी ते नसते.

ही तक्रार आजची नाही. १९८० साली अमेरिकेतल्या विद्यापीठांना जोडणारी यूजनेट नावाची चर्चेची व्यवस्था सुरू झाली. तिथे दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, तेच ते प्रश्न विचारीत, आणि जुनी मंडळी त्यांना महिनाभरात रीतभात शिकवीत. पुढे १९९३-९४ च्या सुमारास एका मोठ्या व्यापारी कंपनीच्या ग्राहकांना तिथे प्रवेश मिळाला आणि नवख्यांचा लोंढा थांबेनाच. जुन्या लोकांनी त्या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव ठेवले. आपल्याकडे असते तर 'न संपणारा जून' म्हटले असते. ऑक्टोबर १९९५ मध्ये या मंडळींनी शिष्टाचाराचे एक टिपणच प्रसिद्ध केले. त्यात नवख्याला असा सल्ला आहे, की कोणत्याही चर्चेत तोंड उघडण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचा.

मी हे वर्गात सांगितले की हशा पिकतो. मग मी प्रश्नोपनिषद काढतो. सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना म्हणतात, आधी एक वर्ष इथे तपाने, श्रद्धेने राहा. मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सगळे सांगू. त्या मानाने दोन महिने स्वस्तच. त्या गोष्टीतले मला आवडते ते दोन शब्द, 'ठाऊक असेल तर'. आणि दुसरे म्हणजे त्या समिधा. समिधा म्हणजे नमस्कार नव्हे. त्या रानात जाऊन स्वतः गोळा कराव्या लागतात.

आमच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक स्कूटर दुरुस्त करणारे मामा आहेत. त्यांना उपनिषदाची गरज पडत नाही. पोरगा म्हणतो, "मामा, गाडी बंद पडली की." मामा मान वर न करता विचारतात, "बंद पडली म्हणजे? किक मारल्यावर आवाज येतोय काय? काल पावसात उभी केलतास काय? पेट्रोल बघितलास?" तिसऱ्या प्रश्नाला निम्मी पोरे गप्प होतात आणि गाडी ढकलत पंपाकडे निघतात. मामांच्या पुढ्यात गाडी तरी असते. आंतरजालावरच्या जाणकाराला गाडी दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. तुम्ही लिहाल तेवढेच त्याचे जग.

दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी आमच्याकडे शेवटच्या वर्षाला होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात हुशार, पण इंग्रजीत लिहायचे म्हटले की हात आखडायचा. तिने प्रकल्प घेतला होता तो ग्रंथालयातल्या मराठी आणि कन्नड पुस्तकांची यादी संगणकावर आणण्याचा. पायथन भाषेत प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम यादीची सीएसव्ही फाइल करून द्यायचा, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की इंग्रजी पुस्तके नीट आणि आपली सगळी पुस्तके अगम्य. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला रोमन ए, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी भलतेच. गंमत अशी, की मराठी नावांत जागोजाग चलनाची चिन्हे, जपानी येनसुद्धा, आणि कन्नड नावांत वर चढवलेले बारीक दोन आणि तीनचे आकडे. मराठी पुस्तकांना पैसे आणि कन्नड पुस्तकांना गणित, अशी वाटणी झाली होती.

तिने प्रश्न लिहून मला दाखवायला आणला. त्याचा मराठी तर्जुमा असा : आदरणीय महोदय, मी विद्यार्थिनी आहे, माझे इंग्रजी चांगले नाही, क्षमा करा. माझ्या प्रकल्पात मराठी फॉन्ट येत नाही. कृपया फॉन्ट द्यावा. फार तातडीचे आहे.

आता फॉन्टच का, तर त्यालाही कारण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरे संगणकात रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो विशिष्ट फॉन्ट नसला की मजकुराचा चिवडा व्हायचा आणि फॉन्ट टाकला की ठीक व्हायचा. आमच्या गावातल्या छपाईच्या दुकानांत वर्षानुवर्षे हेच एक औषध चालले. तिच्या काकांनी तिला तेच सांगितले होते. निदान जुन्या रोगाचे होते, रोग नवा होता. प्रश्नोत्तरांच्या जगात याला 'एक्स-वाय' म्हणतात. माणसाला हवे असते एक्स. त्याने मनाशी ठरवलेले असते, की वाय केले की एक्स मिळेल. मग तो एक्सचे नावही काढत नाही, वायच विचारीत बसतो आणि दहा सज्जन त्याला दहा फॉन्ट आणून देतात.

"फॉन्टचं राहू दे गं," मी म्हटले, "तू काय करायला बसली होतीस ते सांग की."

तिने सांगितले. मग मी तिला एवढेच सुचवले, की बाराशे पुस्तकांची यादी कोणी वाचणार नाही, तीन ओळींची कर. एक पुस्तक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी. आणि ती फाइल एक्सेलखेरीज आणखी कशात तरी उघडून पाहा. ती तिथेच बसून करू लागली. नोटपॅडमध्ये फाइल उघडली आणि तिन्ही नावे स्वच्छ दिसली. तिने माझ्याकडे पाहिले. फॉन्ट तर यंत्रात होताच! फाइलही बिनचूक होती. घोटाळा फक्त एक्सेल ती वाचताना होत होता. प्रश्न अजून कोणाला विचारलाही नव्हता आणि निम्मे उत्तर टेबलावर पडले होते. प्रोग्रामर मंडळींत रबराच्या बदकाची गोष्ट सांगतात, ती अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे पसरली. टेबलावर एक बदक ठेवायचे आणि आपली अडचण त्याला ओळीओळीने समजावून सांगायची. सांगतासांगताच चूक सापडते. आमच्याकडे बदकाचे काम बहुधा मलाच करावे लागते.

नवा प्रश्न अकरा ओळींचा झाला. मला काय करायचे आहे, तीन ओळींची फाइल, चार ओळींचा प्रोग्राम, नोटपॅडमध्ये काय दिसते, एक्सेलमध्ये काय दिसते, कोणती आवृत्ती, आणि फॉन्ट बदलून पाहिला पण फरक पडला नाही. 'महोदय' गेले, 'तातडी' गेली. इंग्रजीबद्दलची क्षमा मात्र तिला काढवेना. मी म्हटले, "हे वाक्य वाचून वाचणाऱ्याला तुझ्या फाइलीबद्दल काय कळतं?" तिने थोडा वेळ विचार केला आणि ते खोडले.

तासाभरात उत्तर आले. प्रोग्रामात फाइल लिहिताना जिथे 'यूटीएफ-८' म्हटले आहे तिथे 'यूटीएफ-८-सिग' असे लिहा, बस्स. त्यामागचे कारणही त्या माणसाने दोन वाक्यांत दिले होते. या पद्धतीत देवनागरी वा कन्नडचे एकेक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. एक्सेलला हे कोणी सांगितले नाही तर ते प्रत्येक बाइट सुटा वाचते आणि एका चिन्हाची तीन करते. नव्या शब्दाने फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण पडते आणि ती पाहून एक्सेल शहाणे होते. अकरा ओळींत व्याकरणाच्या तीन चुका होत्या. त्यांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. उलट दुसऱ्याच कोणा अनोळखी माणसाने त्या गुपचूप दुरुस्त करून ठेवल्या होत्या. तिथे तशी सोय असते.

मला इथे जे म्हणायचे आहे ते या व्याकरणाच्या चुकांशी निगडित आहे. आपल्या भागातली मुले दोन भाषा खेळताखेळता शिकतात. घरी मराठी, बाजारात कन्नड. पण तिसऱ्या, इंग्रजी भाषेच्या उंबऱ्यावर ती जी अडखळतात, ती शब्द येत नाहीत म्हणून कमी आणि हसतील म्हणून अधिक. ती विचारीतच नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे प्रश्नोत्तरांचे मोठे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. पुढे त्याच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी आवृत्त्या निघाल्या. भारतीय भाषा त्यांत एकही नाही. तेव्हा आमच्या मुलाला उंबरा ओलांडावाच लागतो. पण तिथल्या रीतीभाती मी जेवढ्या पाहतो तेवढे मला वाटते, की त्या इंग्रजी बोलणाऱ्या शहरी मुलापेक्षा आमच्या खानापूरच्या मुलीला अधिक सोयीच्या आहेत. कारण तिथे भाषेचा डौल मोजला जात नाही. चार ओळींचा चालणारा प्रोग्राम आणि तो कुठे अडतो ते मोजले जाते. आणि प्रोग्रामचे व्याकरण सगळ्यांना सारखेच.

३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यूजनेटवर एक लहानसा प्रश्न टाकला. त्याची मातृभाषा स्वीडिश. प्रश्न असा, की मी करीत असलेल्या एका कामासाठी मला पॉझिक्स या मानकाचे नियम हवे आहेत. ते कुठे मिळतील, शक्यतो संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात? काम कोणते, हवे काय, कोणत्या रूपात, सगळे दोन-तीन वाक्यांत. हा विद्यार्थी म्हणजे लिनस टोर्व्हाल्ड्स, आणि ते काम म्हणजे पुढे लिनक्स म्हणून जगभर गेलेली कार्यप्रणाली. २५ ऑगस्टला त्याने दुसरा प्रश्न विचारला, की लोकांना अशा प्रणालीत काय काय असावेसे वाटते, आणि वर हा केवळ छंद आहे, मोठे काही होणार नाही असेही सांगून टाकले! हेलसिंकी तंत्रविद्यापीठातल्या आरी लेम्के यांनी त्याला आपल्या यंत्रावर जागा दिली आणि त्या जागेला 'लिनक्स' हे नावही त्यांनीच ठेवले. टोर्व्हाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' होते. एवढ्या मोठ्या माणसाचे उदाहरण विद्यार्थ्यांना दिले की ती दबतात हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तो मोठा नव्हता. तो नवखाच होता.

सगळा भार नवख्यावरच टाकणे मात्र मला पटत नाही. जाणकारांचा उर्मटपणा हाही जुनाच आहे. "आधी पुस्तक वाचा" हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. पण पुस्तकाचे कोणते प्रकरण ते सांगायला आणखी पाचच शब्द लागतात आणि त्या पाच शब्दांची कंजुषी पुष्कळ जण करतात. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केले, की नवख्यांना आमच्याकडे परके वाटते आणि हे बदलले पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी आचारसंहिता आणली आणि नव्या माणसाच्या नावापाशी तो नवा असल्याची खूण दिसेल अशी व्यवस्था केली. आम्हा शिक्षकांच्या दारातही "एवढंही येत नाही होय?" हे वाक्य ऐकू येतेच. ते एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा दाराशी येत नाही, आणि परीक्षेत कोरे पान सोडतो तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यापासून मुले निम्म्याहून अधिक गोष्टी यंत्रालाच विचारतात, आणि स्टॅक ओव्हरफ्लोवर पडणारे नवे प्रश्न फार रोडावले आहेत. यंत्र रागावत नाही, मराठीत विचारले तरी चालते, हे खरोखर मोठे सुख आहे. मी ते नाकारीत नाही. पण कोणी फॉन्ट मागितला तर ते फॉन्टची माहिती अगत्याने देईल आणि मुलगी तो फॉन्ट बसवीत रात्र घालवील. 'तू काय करायला बसली होतीस' हे ते कधी विचारते, कधी नाही. शिवाय या यंत्रांचे पुष्कळसे शहाणपण माणसांनी माणसांना विचारलेल्या जुन्या प्रश्नोत्तरांतूनच आलेले आहे. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लोशी करार केला तो काही उगीच नव्हे.

एक रीत मात्र राहिलीच, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. उत्तर मिळाले की मुले जी जातात ती जातातच. उपाय चालला की नाही हे कोणालाच कळत नाही. तशी कित्येक अर्धवट प्रश्नोत्तरे वर्षानुवर्षे तशीच पडून आहेत. त्याच अडचणीने रात्री दोनला तिथे पोहोचलेल्या माणसाला विचारा, किती चिडचिड होते ते!

आमची मुलगी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या यंत्रावर बसली. बाराशे पुस्तकांची यादी पुन्हा तयार केली, एक्सेलमध्ये उघडली, मराठी पाहिली, कन्नड पाहिली, आणि प्रश्नाखाली इंग्रजीत एवढेच लिहिले, की उपाय चालला, दोन्ही लिप्यांना चालला, एक्सेलची आवृत्ती अमुक. आठएक महिन्यांनी, ती निकाल लागून पुण्याला नोकरीला गेल्यावर, मी सहज ते पान उघडले. खाली कोणीतरी नवख्याने विचारले होते, की हे तमिळलाही चालेल का. तिने उत्तर दिले होते, "चालायला हवे, पण तुमच्या फाइलीतल्या दोन ओळी इथे टाका, पाहते."